मिटलेली तक्रार

१

घड्याळजी गेले ते सकाळी, दुकानाला निघताना. चौथ्या मजल्यावर त्यांनी लिफ्टचं बटण दाबलं. दिवा लागला, दार सरकलं, आणि माणूस रोज टाकतो तसं त्यांनी पाऊल आत टाकलं. दारामागे लिफ्ट आलेलीच नव्हती.

माणूस मोठा शांत. इमारतीतल्या प्रत्येक घरातलं निदान एक तरी घड्याळ त्यांच्या हाताखालून गेलेलं. खाली जमलेल्या गर्दीत जो तो हळहळत होता, आणि जो तो एकच विचारत होता, की असली लिफ्ट चालू ठेवलीच कशी? लिफ्टची देखभाल करणाऱ्या कंपनीनं सरळ कानांवर हात ठेवले. या इमारतीची एकही तक्रार आमच्याकडे बाकी नाही, असं त्यांच्या माणसानं पोलिसांना सांगितलं.

घड्याळजींच्या बायकोला सगळी इमारत काकू म्हणे. काकू तोवर एक शब्द बोलल्या नव्हत्या. हे ऐकून मात्र म्हणाल्या, "मी फोन केला होता. दार उघडतं आणि आत लिफ्ट नसते, असं सांगितलं होतं मी. याच शब्दांत."

दोघांतलं एक कुणीतरी खोटं बोलत होतं. कोण, ते शोधायला विमा कंपनीनं तपासनीस बाईंना पाठवलं. बाईंची पन्नाशी उलटलेली, आवाज कधी चढायचा नाही, आणि समोरचा गप्प बसला तर त्याच्यापेक्षा जास्त वेळ गप्प बसायची तयारी. त्यांच्या कचेरीत गमतीनं म्हणत, की बाई मुंगीलाही विचारतील, कुठून आलीस आणि साखर कुणी सांडली.

बाईंनी कंपनीकडून त्या दिवसांतल्या सगळ्या तक्रारी छापून मागवल्या. काकूंच्या नावानं एकही निघाली नाही. मग त्यांनी कंपनीच्या संगणक विभागातल्या माणसाला सांगितलं, "वरवर नको. तळापर्यंत खणा."

संध्याकाळी त्याचा फोन आला. आवाज उतरलेला होता.

"मॅडम, तक्रार आहे. काकूंनी सांगितलेल्या दिवशीच नोंदवलेली. पण ती एका दुसऱ्याच तक्रारीच्या पोटात घातलेली आहे. एका गोदामातल्या मालवाहू लिफ्टचा दोर झिजला होता, त्याची तक्रार. ते काम केव्हाच मिटलं होतं. त्यामुळे हीसुद्धा मिटलेली दिसते."

"पोटात कुणी घातली?"

तो अडखळला. "नोंद ग्राहक-सेवा कक्षाच्या प्रमुखांच्या नावावर आहे."

२

ग्राहक-सेवेचा कक्ष म्हणजे एक लांबट खोली. कानाला यंत्र लावून बोलणारी माणसं दोन रांगांत बसलेली, आणि समोरची भिंत जवळजवळ पूर्ण व्यापणारा एक पडदा. पडद्यावर उभे रकाने होते. 'नवीन', 'मिटलेल्या', 'काम चालू', 'ग्राहकाकडून उत्तर हवं'. प्रत्येक तक्रारीचं एक छोटं कार्ड, आणि तिची जी स्थिती असेल त्या रकान्यात ते कार्ड. कार्ड बोटानं किंवा माउसनं ओढून दुसऱ्या रकान्यात नेलं की तक्रारीची स्थिती बदलली. एकाच बिघाडाची तक्रार दोघांनी केली असेल तर एक कार्ड दुसऱ्यावर ठेवायचं, की दोन्ही मिळून एक व्हायची.

कक्षप्रमुख चाळिशीतली, ताठ बसणारी बाई. ती आधीच तयारीत होती.

"माझं नाव निघालंय, ते कळलं मला," ती म्हणाली. "चोर सोडून संन्याशाला सुळी. पण त्या दुपारी मी या खोलीत नव्हतेच. वरच्या मजल्यावर संचालकांना हाच पडदा दाखवत होते. माझा लॅपटॉप त्यांच्या हॉलमध्ये भिंतीवर उमटला होता. मी एक कार्ड हलवलं असतं तर सगळ्या संचालकांनी बघितलं असतं."

"तुमच्या नावानं आणखी कुठे काम चालू असतं?"

"इथे, या भिंतीवर. सकाळी मी माझ्या नावानं भिंत सुरू करते आणि घरी जाताना बंद करते. पण तिला हात लावून काही होत नाही. भिंत नुसती बघायची. स्पर्श बंदच असतो तिचा."

"नेहमी?"

"आमच्या रंगाऱ्यालाच चालू करता येतो. हे सगळं त्यानंच तर आखलंय."

रंगारी म्हणजे डिझायनर. कार्डांचे रंग ठरवताना त्यानं महिनाभर प्रत्येकाचं डोकं खाल्लं होतं, तेव्हापासून त्याला तेच नाव पडलं.

बाईंनी पडद्याकडे पाहिलं. "नवीनच्या लगेच शेजारी मिटलेल्या कशा? मधे काम चालू असायला हवं ना?"

कक्षप्रमुख पहिल्यांदाच नजर चुकवून म्हणाली, "तसंच होतं आधी. संचालकांना एका नजरेत दिसायला हवं होतं, की किती आल्या आणि किती मिटल्या. मीच सांगून बदलून घेतलं. रंगारी नको म्हणत होता."

बाहेर पडताना बाईंनी संचालकांच्या हॉलमधल्या शिपायाला विचारलं, दोन संचालकांना विचारलं. कक्षप्रमुख खरं बोलत होती. जागची हलली नव्हती ती. म्हणजे तिच्या नावाचा अंगरखा घालून दुसऱ्याच कुणीतरी हे काम केलं होतं.

३

काकूंचा फोन ज्यानं घेतला, त्या पोराला कक्षात रेडिओ म्हणत. आवाज गोड आणि बटण बंद होत नाही, म्हणून. त्या दिवशी मात्र त्याला शब्द शोधावे लागत होते.

"मी तक्रार नीट लिहून घेतली. लाल लावलं. लाल म्हणजे जिवाला धोका, सगळ्यांत आधी बघायचं. कार्ड भिंतीवर गेलं ते मी या डोळ्यांनी बघितलं."

"मग दिसेनासं झालं तेव्हा काय वाटलं?"

"वाटलं, आमच्या प्रमुख मॅडमनी दुरुस्तीवाल्या मिस्त्रींना दिलं असेल."

"आणि हे कधी लक्षात आलं?"

"खाऊ खाऊन परत आलो तेव्हा. म्हणजे त्या दुपारी आम्ही सगळेच पँट्रीत होतो. रंगाऱ्याची आई आली होती ना, मुलाचं काम बघायला. सगळ्यांना पुरेल एवढं घरून करून आणलेलं. आईला काही करू दिलं नाही त्यानं, शेवटपर्यंत स्वतः उभा राहून सगळ्यांना वाढत होता. फोन तेवढा वेळ दुसऱ्या शाखेकडे वळवले होते." मग घाईघाईनं म्हणाला, "नियमानं विचारून वळवले होते."

"ते असू दे. काकू म्हणतात, त्यांनी पुन्हा फोन केला होता."

रेडिओ गप्प झाला. बाईही गप्प बसल्या. शेवटी त्यालाच ते सोसवेना.

"दुसऱ्या दिवशी सकाळी केला. माझ्याकडेच लागला. मी तक्रारीचा नंबर घालून शोधलं. मिटली असं आलं. मी म्हटलं, काकू, तुमची तक्रार मिटलेली आहे, काळजी करू नका." त्यानं कानाचं यंत्र काढून टेबलावर ठेवलं. "त्या मला थँक्यू म्हणाल्या, मॅडम. म्हणाल्या, बरं झालं, गुडघे दुखतात यांचे, दोन दिवस जिन्यानं चढतायत बिचारे."

बाईंनी त्याला पाणी दिलं. खोटं बोलणारा माणूस स्वतःला सोडवायला बघतो, आणि हा तर स्वतःला बांधून घेत होता.

उरले मिस्त्री. घड्याळजींच्या लिफ्टची मागची तपासणी त्यांनीच केली होती आणि दाराच्या कुलपाची कमान, म्हणजे स्प्रिंग, तेव्हाच झिजलेली असणार, असं पोलिसांचं म्हणणं होतं. तक्रार गडप झाली तर फायदा कुणाचा, तर त्यांचा. शिवाय कामाची वाट बघत रोज सकाळी ते भिंतीजवळच्या खुर्चीत बसलेले असत.

मिस्त्री बाईंसमोर टोपी काढून उभेच राहिले. "कमानीचं माझ्यावर लिहा," ते म्हणाले. "झिजली होती, पण महिनाभर काढेल असं वाटलं मला. चुकला माझा अंदाज. पण कार्डाचं म्हणाल, तर मला कुणी सांगितलं असतं ना, तर हातातला घास ठेवून गेलो असतो. पूर्वी या पोरी फोनच करायच्या मला, काका पळा म्हणून. आता भिंत सांगते. भिंतीनं सांगितलं नाही."

त्या दुपारी ते गावाच्या पार दुसऱ्या टोकाला एका इमारतीच्या गच्चीवर लिफ्टच्या यंत्रात हात घालून बसले होते, आणि त्या इमारतीचा सेक्रेटरी सगळा वेळ त्यांच्या डोक्यावर उभा होता. त्यांच्यावरचाही संशय फिटला.

बाई रात्री घरी जाऊन आपल्या कागदांकडे बघत बसल्या. एक गोष्ट काही केल्या पचत नव्हती. तक्रार दडपायची तर त्याच इमारतीच्या एखाद्या जुन्या तक्रारीखाली दडपावी, कुणाला संशयही आला नसता. गोदामाशी या इमारतीचा काय संबंध? पत्ता वेगळा, लिफ्ट वेगळी, बिघाड वेगळा. जो कुणी हे करून गेला त्यानं कार्डावरचं अक्षरही वाचलेलं नव्हतं.

मग त्यानं बघितलं तरी काय होतं?

४

डिझायनर तिशीतला, सडपातळ, दाढी वाढलेला. बाई आल्या तेव्हा तो रिकाम्या कक्षात भिंतीसमोर उभा होता. बाईंनी विचारण्याआधीच बोलू लागला.

"मी आलो तेव्हा इथे भिंत नव्हती, मॅडम. एकेका तक्रारीला नंबर होता. नंबर माहीत असेल तर ती सापडणार, नाहीतर नाही. मी महिनाभर नुसता या लोकांच्या शेजारी बसलो. कोण काय विसरतं, कशानं विसरतं, ते बघत. माझ्या लक्षात आलं, की यांना तक्रार कुठे अडली तेच दिसत नाही. म्हणून स्थितीप्रमाणे रकाने केले. कुणी काही लपवू नये, कुणाचं काही हरवू नये, एवढंच डोक्यात होतं." तो कोरडं हसला. "काय झालं बघा."

"दोन कार्डं जोडताना हे विचारत नाही? नक्की का, म्हणून?"

"विचारायचं. पहिल्या आठवड्यात सगळे कावले. दिवसातून शंभरदा कशाला विचारतोस म्हणाले. मी काढून टाकलं. काढल्यावर काय सुंदर चालायला लागलं ते. अलगद."

"त्या दिवशी भिंत कशी दिसत होती, दाखवता येईल?"

त्यानं दोन-तीन बटणं दाबली. भिंत मागे गेली, त्या दुपारपर्यंत. बाईंनी आपल्या हातातला छापील कागद वर धरला आणि भिंतीशी ताडून बघितला. कागद काळापांढरा होता. त्यावर सगळी कार्डं सारखीच दिसत.

भिंतीवर तशी नव्हती. निळी होती, पिवळी होती. त्या सगळ्या पसाऱ्यात फक्त दोन कार्डं लाल होती. एक 'नवीन'मध्ये, ते काकूंचं. दुसरं शेजारच्याच रकान्यात, गोदामाचं. काम मिटलं तरी त्याचा लाल रंग तसाच राहिला होता.

आणि दोन्ही पार तळाला. नवीन तक्रार खाली येऊन बसायची, जुनी मिटलेली खाली खाली सरकत जायची, त्यामुळे दोन्ही कार्डं गुडघ्याच्या उंचीवर, एकमेकांपासून हातभर अंतरावर आली होती. उभ्या माणसाची नजर तिथे जायची नाही. गेली तरी वाकावं लागलं असतं.

बाईंनी भिंतीजवळची खुर्ची ओढली आणि तिच्यात बसल्या. दोन्ही लाल कार्डं बरोबर डोळ्यांसमोर आली. हात लांब केला असता तर पोचला असता.

"त्या दुपारी सगळे पँट्रीत होते," बाई सावकाश म्हणाल्या. "या खुर्चीत कोण होतं?"

डिझायनरचा चेहरा भिंतीच्या उजेडात पांढराफटक दिसत होता.

"मी," तो म्हणाला. "मीच केलं. लिहून घ्या."

५

त्यानं कबुली अगदी नीटनेटकी दिली. आपल्या जागेवर बसून कार्ड हलवून बघत होतो, माउस निसटला, लाल कार्ड लाल कार्डावर पडलं, आपण घाबरून कुणाला बोललो नाही. बाईंनी ती शब्दन् शब्द ऐकली आणि लेखणीला हातही लावला नाही.

"तुमच्या जागेवरून केलं असतं तर नोंद तुमच्या नावावर झाली असती," त्या म्हणाल्या. "ती भिंतीवरून झालीय. आणि तुम्ही त्या वेळी पँट्रीत वाढत होता. अख्खा कक्ष त्याला साक्षी आहे. तेव्हा हे तुमचं नाही. तुम्ही दुसऱ्या कुणासाठी तरी ते अंगावर घेताय, आणि ज्यांच्यासाठी असं करावं अशी माणसं आयुष्यात फार नसतात कुणाच्या."

तो खाली बसला.

"आई कितीतरी दिवसांपासून मागे लागली होती," तो म्हणाला. "तू करतोस काय ते एकदा बघू दे म्हणायची. मी टाळायचो. तुला कळायचं नाही म्हणायचो. शेवटी घेऊन आलो. भिंत बघून तिला एवढा आनंद झाला, की मी स्पर्श चालू केला. म्हटलं, बघ, बोट लावलं की कार्ड कसं हलतं. एक इकडचं तिकडे नेलं आणि परत आणून ठेवलं. तेवढ्यात पँट्रीतून हाका आल्या. तिचा गुडघा दुखतो, ती म्हणाली, मी बसते इथेच, तू वाढ त्यांना. मी गेलो. स्पर्श बंद करायचा राहिला."

"नंतर बंद केलात?"

"परत आल्यावर लगेच. आणि वाटलं, चला, काही झालं नाही."

"मग तुम्हाला कळलं कधी? काल, मी आल्यावर?"

बाईंनी हे सहज विचारलं होतं. त्याचं काय उत्तर येईल याचा त्यांना अंदाज नव्हता.

"त्याच संध्याकाळी," तो म्हणाला.

बाईंनी समोरची लेखणी बाजूला सारली.

"घरी जाताना ती म्हणाली, तुमच्या भिंतीवर ते दोन लाल एका जोडीचे होते, वेगवेगळे पडले होते, मी नीट एकत्र ठेवले. मी हसलो. मला वाटलं, रंग बघून काहीतरी बोलतेय. दिवसभराचा दमलो होतो. लॅपटॉप पाठीवरच होता माझ्या, मॅडम. उघडून बघायचा फक्त. मी म्हटलं, हो का, छान केलंस." त्यानं डोळे मिटले. "त्यानंतर तीन दिवसांनी घड्याळजी पडले. तिचा हात लागला तो नकळत. मला तर कळलं होतं. मी मनावर घेतलं नाही, कारण ते तिनं सांगितलं होतं."

बाईंना आपल्या मुलाची आठवण झाली. तोही दूर कुठेतरी असलंच काही काम करायचा. काय करतोस रे, म्हणून त्यांनी एकदा विचारलं होतं आणि सांगून कळायचं नाही आई, हे उत्तर घेऊन त्या गप्प बसल्या होत्या. पुन्हा विचारलं नव्हतं. विचारायला हवं होतं की काय, हे त्यांना आत्ता या खोलीत ठरवता येईना.

"तिला माहीत नाही," डिझायनर म्हणाला. "माणूस गेला एवढं तिनं ऐकलंय. माझ्या कंपनीची लिफ्ट होती हेही ऐकलंय. त्यापुढचं नाही. तिला नका सांगू. मला काय करायचं ते करा."

"मला तिला भेटावं लागेल," बाई म्हणाल्या. "तुमच्या तोंडचं ऐकून मी अहवाल लिहू शकत नाही."

६

त्याची आई बटणांच्या दुकानात कामाला होती. अरुंद दुकान, भिंतीभर लहान लहान खण, आणि काउंटरवर सुटी बटणं ओतलेला ट्रे. बाई गिऱ्हाइकासारख्या आत गेल्या आणि खिशातून एक तुटकं बटण काढून याची जोड मिळेल का म्हणाल्या.

आईनं बटण बोटांत फिरवलं, चष्मा न लावता उजेडाकडे धरलं, आणि न बघता मागच्या खणातून तसंच दुसरं काढून दिलं.

"चष्मा लागत नाही तुम्हाला?"

"वाचायला लागतो. रंगाला नाही," ती हसून म्हणाली. "सगळा जन्म यातच गेला, ताई. एकसारखी दोन वेगळी पडलेली दिसली की हाताला चैन पडत नाही."

बाईंनी आपण कोण ते सांगितलं. विमा कंपनीची, तुमच्या मुलाच्या कचेरीत काम निघालं होतं, एवढंच. आईचा चेहरा उजळला आणि लगेच काळजीत पडला.

"तो हल्ली जेवत नाही धड. त्या घड्याळवाल्यांचं फार लागलंय त्याला. त्याचा काय दोष, सांगा? तो कुठे लिफ्टी दुरुस्त करतो? तो तर नुसतं मांडून ठेवतो सगळं." तिनं ट्रेमधली बटणं उगीच सारखी केली. "मी बघितलीय ती भिंत. एवढी मोठी. मला म्हणाला, आई, हे सगळं मी केलं. मी दोन कार्डं नीट लावली त्यातली. म्हटलं, आपलाही हात लागू दे. बरोबर केलं ना मी? त्याला विचारलं तर तो काही बोलतच नाही आता."

बाईंनी अनेक वर्षं लोकांच्या तोंडावर खरं सांगितलं होतं. आगीतून वाचलेल्यांना, चोरी करणाऱ्यांना, चोरीचा आळ घेणाऱ्यांना. त्याचाच त्यांना पगार मिळे. काउंटरवर ठेवलेला तो दुखरा, सुजलेल्या सांध्यांचा हात त्यांनी बघितला.

"त्याला आनंद झाला होता, तुम्ही आलात त्याचा," त्या म्हणाल्या. "तसं म्हणाला तो मला."

जोडीचं बटण घेऊन त्या बाहेर पडल्या. तसं म्हणाला नव्हता तो.

७

अहवालात बाईंनी जे घडलं ते लिहिलं. भिंतीचा स्पर्श चालू राहिला, खोली रिकामी होती, पाहुण्यांपैकी कुणाच्या तरी हातून दोन कार्डं एकत्र झाली. जोडताना विचारणारा प्रश्न काढून टाकलेला होता, मिटलेल्यांचा रकाना हट्टानं नवीनच्या शेजारी आणलेला होता, आणि कार्ड दिसत नाही म्हटल्यावर प्रत्येकानं दुसऱ्यावर सोडून दिलं. कमान झिजली होती आणि ती बदलली गेली नव्हती. कंपनीनं चूक कबूल केली. मिस्त्रींनी काम सोडलं. कक्षप्रमुखाला दुसरीकडे पाठवलं. रेडिओ अजून तिथेच आहे, पण आता फोनवर 'मिटलं' हा शब्द तो उच्चारत नाही, स्वतः मिस्त्रीला विचारून मग सांगतो. डिझायनरनं रकाने पूर्वीसारखे लावून दिले, प्रश्न परत घातला आणि राजीनामा दिला.

अहवाल गेला तरी काकूंकडे जाणं राहिलं होतं. कुणी तसं सांगितलं नव्हतं, पण बाई गेल्या.

काकूंनी दार उघडलं, बसायला सांगितलं. दुकान आवरून आणलेलं सामान खोलीत खोक्यांमधून पडलं होतं. लोकांची घड्याळं एकेकाला फोन करून त्या परत करत होत्या.

"कंपनीचं पत्र आलं," त्या म्हणाल्या. "त्यात लिहिलंय, अनेक कारणांचा परिणाम. वाचलं मी. मला एक सांगा, माझी तक्रार कुणी मिटवली?"

"एकानं नाही मिटवली, काकू. बऱ्याच जणांचं थोडं थोडं..."

"ते पत्रात आहे." काकूंचा आवाज चढला नाही. "मला एक माणूस हवाय. का, ते सांगते. कंपनीच्या त्या मुलानं फोनवर मिटली म्हणून सांगितलं आणि मी यांना म्हटलं, झालंय दुरुस्त, आता लिफ्टनं जा. हे नको म्हणत होते. म्हणाले, दोन दिवस जाऊ देत अजून. मी म्हटलं, कशाला उगीच गुडघे झिजवता. मीच पाठवलं त्यांना. दुसरं कुणी नसेल तर रोज सकाळी मला माझंच नाव घ्यावं लागतं. अनेक कारणांवर रागावता येत नाही हो."

बाई गप्प राहिल्या. समोरच्या माणसापेक्षा जास्त वेळ गप्प बसणं ही त्यांची हातोटी होती, पण काकूंपुढे ती चालेना. मग त्यांनी सगळं सांगितलं. मुलाचं काम बघायला आलेली आई, दुखरा गुडघा, रिकामी खोली, दोन लाल कार्डं. बटणांचं दुकान तेवढं सांगितलं नाही.

काकू ऐकत होत्या. मधेच एकदा त्यांनी तोंडावर पदर धरला आणि काढला. बाईंना वाटलं, आता त्या नाव विचारतील, पत्ता विचारतील, आणि आपल्याला तो द्यावा लागेल. द्यायची तयारी करूनच त्या आल्या होत्या.

"तिला कळलंय?" काकूंनी विचारलं.

"नाही."

"मुलाला?"

"त्याला माहीत आहे. त्यानं नोकरी सोडली."

काकू उठल्या. खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या, परत आल्या, एका खोक्याचं झाकण उगीच लावलं. राग यावा म्हणून त्या थांबल्या असाव्यात. तो येत नव्हता, हे बाईंना त्यांच्या पाठीवरूनही दिसत होतं.

"तिनं चांगलं समजूनच केलं असेल ना," काकू म्हणाल्या.

"हो."

"मीसुद्धा."

काकूंनी खोक्याचं झाकण पुन्हा उघडलं.

"तिला सांगू नका," काकू खाली बसत म्हणाल्या. "त्या मुलालाही सांगा, सांगू नकोस म्हणावं, कितीही वाटलं तरी. यातून गेलेली मी एक आहे तेवढी पुरे."